वाचकांचे प्रश्न : मेंदूतील असाध्य गाठ आणि घरची माणसे

मेंदूतील बरी न होणारी गाठ आणि अशा रुग्णाची घरी घ्यायची काळजी, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. ती रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची असते.

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या पुढच्या, उजव्या भागात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतच सुरू होणारा, वेगाने वाढणारा कर्करोग) असे निदान झाले, मग सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या झाल्या. आता गाठ पुन्हा वाढली आहे आणि डॉक्टरांनी “घरी न्या, सेवा करा” असे सांगितले आहे. यांचा स्वभाव पार बदलला आहे. ज्यांनी मला कधी उणा शब्द ऐकवला नाही, ते आता शिव्या देतात, मी पैसे लपवते असा संशय घेतात, अंघोळीला नाही म्हणतात. दीर आणि मुलगा म्हणतात, त्यांना आजाराचे काही सांगायचे नाही. पण रात्री सगळे झोपले की ते मला विचारतात, “मला नक्की काय झाले आहे?” मी काय सांगू? आणि पुढे काय वाढून ठेवले आहे? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील ज्या गोष्टीने आपल्याला सर्वांत जास्त दुखावले आहे, तिच्यापासून सुरुवात करतो. कपाळामागचा मेंदूचा भाग माणसाला आवर घालण्याचे काम करतो. मनात आलेले सगळे बोलून न टाकणे, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणे, कंटाळा आला तरी उठून अंघोळ करणे या सगळ्यांमागे तो भाग असतो, आणि आपल्या यजमानांची गाठ नेमकी तिथेच वाढते आहे. त्यामुळे त्यांची शिवीगाळ आणि संशय यांतून त्यांच्या मनात इतकी वर्षे दडलेले काही बाहेर पडत आहे, असे कृपया समजू नका. असे समजून आतल्या आत झुरणाऱ्या पत्नी मी पाहिल्या आहेत आणि त्यांना हे वेळेवर कोणी सांगितलेले नसते, याचे मला फार वाईट वाटते. अर्थात कारण कळले म्हणून शब्द लागत नाहीत असे नाही. आपल्याला वाईट वाटणारच, आणि त्यात आपला कोणताही दोष नाही.

या चिडचिडीत औषधांचाही वाटा असू शकतो. गाठीभोवतीची सूज कमी करण्यासाठी बहुधा डेक्सामेथासोन चालू असेल. या औषधाने डोकेदुखी आणि अशक्तपणा काही काळ झपाट्याने कमी होतो, पण झोप उडते, माणूस अस्वस्थ होतो, साखर वाढते, तोंडात पांढरा चट्टा येतो आणि मांड्यांचे स्नायू इतके क्षीण होतात की खुर्चीतून उठणेही जड जाते. आकडी येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाममुळेही काही रुग्ण चिडखोर होतात. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. डेक्सामेथासोन सकाळी आणि फार तर दुपारी देण्याने रात्रीची झोप सुधारू शकते आणि आकडीचे औषध बदलता येते. मात्र ही दोन्ही औषधे स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. कोणी काढा किंवा पुड्या सुचवल्या आणि त्या सुरू करताना “इंग्रजी औषधे थांबवा” असे सांगितले, तर ते अजिबात ऐकू नका. डेक्सामेथासोन अचानक थांबवल्याने एका दिवसात बेशुद्धीपर्यंत गेलेले रुग्ण असतात.

वागण्याच्या बाबतीत वाद घालून काही साध्य होत नाही. “मी पैसे घेतले नाहीत” हे दहा वेळा सांगण्यापेक्षा “बघते हं, सापडतील” असे म्हणून पाच मिनिटे खोलीबाहेर जाणे बरे. तेवढ्या वेळात विषय त्यांच्या मनातून गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. भेटायला येणाऱ्यांनी एका वेळी एक-दोघांनीच यावे, टीव्ही बंद असावा आणि संध्याकाळनंतर कोणी येऊ नये, कारण थकवा आला की गोंधळ वाढतो. अंघोळीचा हट्ट धरू नका, ओल्या पंचाने अंग पुसले तरी पुरते. मोटारसायकलची किल्ली आणि कोयता-विळा नजरेआड ठेवा, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करा. फोनवरून होणारे पैशांचे व्यवहारही मुलाने लगेच मर्यादित करावेत, कारण आवर सुटलेला माणूस समोर येईल त्याला पैसे पाठवतो आणि नंतर घरात त्यावरून भांडणे होतात.

आता त्यांच्या प्रश्नाबद्दल. दीर आणि मुलगा निष्ठुर नाहीत, ते त्यांना वाचवू पाहत आहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत असेच घडते. परंतु जो माणूस रात्री आपल्या पत्नीला एकटीला गाठून “मला काय झाले आहे” असे विचारतो, त्याला अंदाज आलेला असतो, आणि त्याला उत्तर न मिळाल्याने तो त्या अंदाजासोबत एकटा पडतो. शिवाय या आजारात एक अडचण आहे, जी पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात सहसा येत नाही. तिथे माणूस अखेरच्या काही दिवसांपर्यंत बोलू, समजू शकतो. इथे शरीर चालते-फिरते असतानाच समज आणि बोलणे मागे पडू लागते. “योग्य वेळ आली की सांगू” असे ठरवणाऱ्या कुटुंबांची ती वेळ बहुतेकदा निघून जाते. म्हणून मी स्पष्ट सांगतो : ते विचारत आहेत, तोवरच बोला.

बोलायचे म्हणजे सगळे एकदम सांगायचे असे नव्हे. आधी त्यांनाच विचारा, “तुम्हाला काय वाटते, काय झाले असेल?” ते जे म्हणतील तिथून पुढे जा. “डोक्यातली गाठ परत वाढली आहे, आता तिच्यावर औषध नाही, पण तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून जे करायचे ते सगळे आम्ही करणार आहोत, आणि मी इथेच आहे” एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. त्यांनी पुढे काही विचारले नाही, तर थांबा. “किती दिवस?” असे विचारले, तर खोटा आकडा देऊ नका आणि खरा आकडाही देऊ नका, कारण तो कोणालाच ठाऊक नसतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर तेच उत्तर तितक्याच शांतपणे पुन्हा द्या. दिरांची समजूत घालण्याचा भार आपण एकट्याने उचलू नये. डॉक्टरांची वेळ घेऊन दीर, मुलगा आणि आपण तिघांनी मिळून जावे, आणि दिरांच्या समोर आपण डॉक्टरांना विचारावे की हे रोज विचारतात तर काय सांगायचे. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरातल्या पुरुषमंडळींचा विरोध बराच मावळतो, असा माझा अनुभव आहे.

पुढे काय होईल, हे विचारण्याचे धैर्य आपण दाखवले आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांमध्ये मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत वेगाने वाढणारी गाठ आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या अभ्यासानंतर रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड देण्याची पद्धत जगभर रूढ झाली, त्यात केवळ रेडिएशन घेतलेल्या निम्म्या रुग्णांचे आयुष्य १२.१ महिन्यांपलीकडे गेले होते आणि दोन्ही उपचार घेतलेल्या निम्म्या रुग्णांचे १४.६ महिन्यांपलीकडे. हे आकडे निदानाच्या सुमारापासूनचे आणि समूहाचे आहेत. त्यांवरून एका माणसाची तारीख काढता येत नाही, पण आपल्या उपचारांत काहीतरी कमी राहिले असे आपल्याला वाटत असेल, तर ते वाटणे या आकड्यांनी थोडे हलके व्हावे. उत्तमोत्तम केंद्रांतही ही गाठ बहुधा परत येते. समाधानासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल तर एकदा अवश्य घ्या, मात्र एमआरआयच्या सीडी आणि सगळे कागद घेऊन मुलाने एकट्याने जावे. रुग्णाला प्रवास नको, आणि त्यासाठी जमीन विकण्याची वेळ तर मुळीच येऊ देऊ नका.

पुढच्या काळात झोप वाढत जाईल, आधी दुपारची, मग दिवसाचे बहुतेक तास. डावा हात-पाय अधिक अशक्त होऊ शकतो, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, गिळणे अवघड होऊ शकते. बदल महिन्या-महिन्याने दिसत असतील तर हाताशी महिने आहेत, आठवड्या-आठवड्याने दिसू लागले तर आठवडे, आणि रोज दिसू लागले तर दिवस, असा ढोबळ ठोकताळा आम्ही वापरतो. पुष्कळ रुग्णांचा शेवट वेदनेत होत नाही. ते अधिकाधिक झोपेत जातात आणि झोपेतच श्वास थांबतो.

एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. अशक्त झालेल्या पायाची पोटरी एकदम सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर तेल लावून चोळू नका. या आजारात पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्या दिवशीच डॉक्टरांना कळवा.

उपशामक सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर, आजच शोधायला हवी, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये. आपल्याला जवळचे केंद्र पुण्यातील वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. ते १९९७ पासून चालू आहे, तेथील सेवा विनामूल्य आहे आणि रुग्णासोबत घरच्या व्यक्तीला राहता येते. काही दिवस तिथे राहून त्रास आटोक्यात आणायचा, सेवा कशी करायची ते शिकायचे आणि घरी परतायचे, असेही करता येते. तिथे जाणे म्हणजे माणसाला टाकून येणे, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

प्रश्न : आई ५४ वर्षांची आहे. मेंदूतील गाठीमुळे ती दोन महिने अंथरुणाला खिळून आहे आणि आता बहुतेक वेळ झोपेतच असते. पाणी प्यायले की ठसका लागतो. काही नातेवाईक म्हणतात, नाकातून नळी घाला, तिला उपाशी मारू नका. मध्येच तिला आकडी येते. डॉक्टरांनी मॉर्फिनचा उल्लेख केला तेव्हा बाबा घाबरले. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नळीचा निर्णय रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून असतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा अचानक सूज वाढून गिळणे तात्पुरते थांबले असेल, तर नळीचा उपयोग होतो. परंतु आपल्या आई दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत असतील आणि गाठ वाढतच असेल, तर नळीने आयुष्य वाढेल किंवा अन्न फुप्फुसात जाणे थांबेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. उलट नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधून ठेवण्याची वेळ येते. शरीर मिटत जाते तेव्हा भूकही मिटत जाते. त्या खात नाहीत म्हणून आजार वाढत नसून आजार वाढला आहे म्हणून खाणे थांबले आहे. “उपाशी मारले” हा शब्द आपल्या समाजात फार जिव्हारी लागतो, हे मी जाणतो, म्हणून हा निर्णय डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर मोठ्याने सांगावा, अशी त्यांना विनंती करा.

त्या पूर्ण जाग्या असतील तेव्हाच, पाठीला आधार देऊन ताठ बसवून आणि हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्याने भरवा. पाण्यापेक्षा घट्टसर पदार्थ गिळायला सोपे जातात, त्यामुळे नाचणीचे सत्त्व, खिमट, घोटलेला मऊ भात, दही असे काही द्यावे. दोन घास गेले तरी पुरे. झोपेत किंवा गुंगीत असताना तोंडात काहीही घालू नये, गंगाजलसुद्धा नाही. धार्मिक भावनेने गंगाजल आणि तुळशीचे पान द्यायचेच असेल, तर ओल्या बोटाने ओठांना लावावे आणि पान उशाशी ठेवावे. घोटभर पाणी श्वासनलिकेत गेले तर अखेरचे तास गुदमरण्यात जातात. तोंड मात्र दर दोन-तीन तासांनी ओल्या मऊ कापडाने पुसत राहा आणि ओठांना तूप लावा. कूस दर दोन तासांनी बदला आणि हवेची गादी भाड्याने मिळते ती घ्या.

आकडी आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ पाहा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातात किल्ली देऊ नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, तर नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा वापरा. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, आणून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. गोळ्या गिळता येईनाशा झाल्या की आकडीचे औषध कातडीखालच्या छोट्या सुईतून देता येते. ही सोय वेळेआधी करून घेतली नाही, तर शेवटच्या रात्री ॲम्ब्युलन्सच्या मागे धावावे लागते, आणि त्या धावपळीत पुष्कळ रुग्ण अतिदक्षता विभागात एकटेच जातात.

वडिलांची मॉर्फिनबद्दलची भीती समजण्यासारखी आहे. मेंदूच्या गाठीत तीव्र वेदना अनेकदा नसतातच, आणि डोकेदुखी बऱ्याचदा सूज कमी करणाऱ्या औषधानेच आवरते. जिथे मॉर्फिन लागते, तिथे ते वेदनेच्या किंवा धाप लागण्याच्या प्रमाणात, थोड्या मात्रेपासून वाढवत दिले जाते. असे दिल्याने व्यसन लागत नाही आणि मृत्यू ओढवत नाही. त्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक हवेच. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, तरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ते मिळत नाही. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात उपशामक सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. घरी सांभाळणे अशक्य झाले, तर वांद्र्याचे शांती अवेदना सदन आहे. अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णांना सांभाळणारी, १९८६ साली सुरू झालेली ही देशातली पहिली संस्था मानली जाते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आईंना घरीच शेवटचा श्वास घेऊ द्यायचा असेल, तर जवळच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच घरी बोलावून तपासायला सांगा, सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि घरी मृत्यू झाल्यास कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे ४-अ नमुना, ते देतील का हे विचारून घ्या. ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलेच नाही, ते डॉक्टर रात्री दोन वाजता सही करायला कचरतात, आणि मग दुःखाच्या वेळी घरच्यांना दारोदार फिरावे लागते.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. नागपूरला बाबांना ग्लायोब्लास्टोमाचे निदान झाले आहे आणि रेडिएशन सुरू आहे. दादा-वहिनी सगळे पाहतात. मी कधी यावे? दरम्यान इथून काय करू शकतो? — एक वाचक

उत्तर : रजा एकदाच मिळणार असेल, तर ती शेवटासाठी राखून ठेवू नका. रेडिएशन संपल्यानंतर थकवा ओसरला की पुष्कळ रुग्णांना काही बरे आठवडे किंवा महिने मिळतात. तेव्हा या. बाबांशी बोलता येईल, त्यांच्या हातचा चहा पिता येईल, त्यांना काय हवे-नको ते त्यांच्याच तोंडून ऐकता येईल. अंत्यसमयी पोहोचण्याचा आग्रह धरणारे अनेक जण बोलू न शकणाऱ्या वडिलांपाशी पोहोचतात.

त्या भेटीत कागदपत्रे मार्गी लावा. मृत्युपत्रावर बाबांनी दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दिवशी त्यांची समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. साधे मुखत्यारपत्र पुरेसे आहे असे समजू नका, कारण भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपुष्टात येते, म्हणजे नेमके जेव्हा त्याची गरज भासते तेव्हाच ते निकामी होते. बँकेची खाती संयुक्त करणे आणि नामनिर्देशन तपासणे याला अधिक महत्त्व द्या. व्हेंटिलेटर वगैरेंबाबत बाबांची इच्छा असेल, तर तीही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून दादाचे नाव असावे, की दोघांचे, हे बाबांनाच ठरवू द्या.

मेलबर्नहून करता येण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे रात्रीच्या माणसाचा खर्च उचलणे. ब्यूरोकडून रात्रपाळीचे मामा किंवा मावशी मिळतात, आणि आठवड्यातून चार रात्री जरी दादा-वहिनींना सलग झोप मिळाली, तरी हे घर बरेच महिने तग धरू शकते. उपचारांचे निर्णय फोनवरून उलटवू नका. इंटरनेटवर सापडलेला प्रत्येक नवा उपचार रोज दादांना पाठवू नका, त्याऐवजी असे प्रश्न एकत्र करून डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत विचारा, आणि त्या वेळी आपण फोनवर हजर राहा. वहिनींना स्वतंत्र फोन करून त्या कशा आहेत हे विचारा, आणि त्यांना कोणाशी मोकळेपणाने बोलावेसे वाटले, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हेही त्यांना सांगा.